देऊळ तिसऱ्या रेघेवर घेतलं, तरी चित्र विस्कळीत का दिसतं?

साताऱ्याहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र (थोडक्यात):

"नमस्कार. चार वर्षांपासून जलरंगात निसर्गचित्रं काढते. वाईचा घाट आणि मेणवली हे नेहमीचे स्पॉट. रंग बऱ्यापैकी हाताला आलेत असं बरोबरीचे लोक म्हणतात, पण चित्र भिंतीवर लावलं की नजर कुठेच थांबत नाही. ढोल्या गणपतीचं देऊळ मी मधोमध घेत नाही. कागदाचे तीन सारखे भाग करून त्यांच्या मधल्या रेघेवर, म्हणजे ज्याला तिसरी रेघ म्हणतात तिच्यावरच घेते. पायऱ्या, धुणं धुणाऱ्या बायका, झाडं, मागचा डोंगर, जे दिसतं ते प्रामाणिकपणे काढते. तरी चित्र विस्कळीत दिसतं, आणि खालचा पायऱ्यांचा भाग तर रिकामा वाटतो. तिथे काय घालावं? काय गाळायचं आणि काय ठेवायचं हे ठरवायचं कसं? ऊन वाढलं की उरलेलं चित्र घरी मोबाइलमधल्या फोटोवरून पुरं करते, त्यात काही चुकतंय का? दोन चित्रांचे फोटो सोबत पाठवते आहे. दोन्ही हाफ शीटवर आहेत."

ताई, नमस्कार.

दोन्ही चित्रं नीट पाहिली. वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचे सपाट थर, स्वच्छ आहेत, कुठे रंग मळलेला नाही, देवळाचं ड्रॉइंगही पक्कं आहे. अडचण रंगात नाही. तुम्ही कागदावर वस्तू मांडत जाता, देऊळ इथे, झाड तिथे, बायका खाली. पण दहा फुटांवरून पाहणाऱ्याला आधी वस्तू दिसतच नाहीत. त्याला एक मोठा उजळ आकार दिसतो, त्याला टेकलेला एक गडद आकार दिसतो, आणि मग कळतं की अरे, हे देऊळ आहे. हे मोठे आकार किती आहेत, केवढे आहेत, एकमेकांना जोडलेले आहेत की सुटे पडलेत, यावर रचना उभी राहते किंवा कोसळते. आणि हे सगळं मोठ्या कागदाला हात लावण्याआधी ठरवायचं असतं.

वाईचं चित्र घेऊ. देऊळ डावीकडच्या तिसऱ्या रेघेवर आहे, बरोबर. पण पलीकडच्या काठाची, म्हणजे पाणी संपून घाट सुरू होतो ती रेघ मोजा. पंधरा इंच उंच कागदावर ती साडेसात इंचांवर आली आहे. वर आकाश, डोंगर आणि देऊळ, खाली पाणी आणि पायऱ्या, असे चित्राचे दोन सारखे तुकडे झालेत. दोन्ही तुकडे सारखेच महत्त्वाचे ठरले की नजर वर-खाली करत राहते. पुढे पाहा. शिखराचं टोक डोंगराच्या कडेला नेमकं टेकलंय. डावीकडच्या झाडाचा बुंधा देवळाच्या कोपऱ्याच्या बरोब्बर रेषेत आलाय, त्यामुळे झाड भिंतीतूनच उगवल्यासारखं वाटतं. चार बायका दोन-दोन इंचांच्या सारख्या अंतरावर बसल्यात. त्यातली लाल लुगड्याची उजव्या कडेपासून इंचभर आत आहे, आणि सगळ्या चित्रात लाल तेवढाच, म्हणून नजर तिथून सरळ चौकटीबाहेर जाते. सगळ्यात गडद काळोख आहे वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या पानांत, जिथे पाहण्यासारखं काहीच नाही. तिसरी रेघ पाळूनही चित्र विस्कळीत दिसतं ते या सगळ्यामुळे.

आधी त्या तिसऱ्या रेघेचंच बोलू, कारण या नियमावर लोकांचा फार भरवसा बसला आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्लिश चित्रकाराने १७९७ मध्ये तो लिहून ठेवला तेव्हा त्याचा रोख वाटण्यांवर होता. साधारण दोन तृतीयांश जागा एकाला आणि एक तृतीयांश दुसऱ्याला द्या, मग ती जमीन-पाणी आणि आकाश असो किंवा उजेड आणि सावली. अर्धं-अर्धं करू नका, एवढंच त्याचं सार. आपण त्याचं 'रेघा जिथे छेदतात तिथे देऊळ ठेवा' असं करून टाकलं. मधोमध ठेवून उत्तम चित्र होऊ शकतं, याला हॉलंडच्या मेइंडर्ट होबेमाचं १६८९ मधलं मिडलहार्निसच्या रस्त्याचं चित्र साक्षी आहे. रस्ता जवळजवळ मधोमध, दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा. पण क्षितिज बरंच खाली, आकाश प्रचंड, झाडांच्या उंच्या आणि मधली अंतरं असमान, डावीकडे लांब चर्चचा मनोरा आणि उजवीकडे शेत आणि घरं. मधोमध घेऊनही कुठेच दोन वाटण्या सारख्या नाहीत. देऊळ मध्ये घ्यायला घाबरू नका, सारख्या वाटण्या मात्र टाळा.

आता ठरवायचं कसं, तर थंबनेल्स, म्हणजे रचनेचे छोटे कच्चे आराखडे, काढून. तुम्ही काढत असालही, पण बहुतेक जण थंबनेल म्हणजे छोटं ड्रॉइंग समजतात, आणि त्यात शिखराचे थर काढत बसतात. थंबनेलमध्ये वस्तू काढायच्याच नाहीत. फक्त तीन टोन ठेवायचे, कागदाचा पांढरा, पेन्सिलीचा मधला राखाडी आणि जोर देऊन केलेला काळा. ६बी पेन्सिल आडवी धरून किंवा राखाडी आणि काळा असे दोन मार्कर घेऊन तीन मिनिटांत एक संपवायचं. जास्त वेळ दिलात की हात तपशिलाकडे वळतोच.

चौकटीचं प्रमाण मात्र काटेकोर हवं. यात पुष्कळ जण फसतात. हाफ शीट १५ × २२ इंच असते, म्हणून पाच सेंटीमीटर उंचीला रुंदी ७.३ सेंटीमीटर हवी. क्वार्टर शीट ११ × १५ असते, तिला पाच सेंटीमीटरला ६.८ पुरतात. हाफ शीट ही फुल आणि क्वार्टर शीटपेक्षा लांबट असते हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ए-फोर स्केचबुकचं पान तिसऱ्याच प्रमाणाचं. त्या पानभर जमलेली रचना हाफ शीटवर नेली की बाजूला पाऊण इंचभर जागा जास्तीची उरते, आणि मग ती भरायला एखादं झुडूप येतं. ते झुडूपच पुढे चित्र बिघडवतं.

जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कार्डाचे दोन 'एल' आकाराचे तुकडे कापा आणि क्लिपने जोडून ५ × ७.३ ची खिडकी करा. आतली बाजू राखाडी रंगवा, पांढरी ठेवली तर समोरचं सगळं गडद भासतं. एक डोळा मिटून ही खिडकी हातभर लांब धरा, मग डोळ्याजवळ आणा. लांब धरल्यावर देवळाचा तुकडाच दिसेल, जवळ आणल्यावर अख्खा घाट येईल. कुठे थांबायचं हा रचनेतला पहिला निर्णय.

वाईला बसल्यावर किमान पाच थंबनेल्स करा, आणि पाचही मुद्दाम वेगळी. एकात काठाची रेघ खूप वर, म्हणजे पाणी आणि पायऱ्याच चित्रभर, आकाशाची जेमतेम पट्टी. दुसऱ्यात ती रेघ खाली, चौथाईवर. तिसरं उभ्या कागदावर. चौथ्यात देऊळ इतकं जवळ की शिखर चौकटीबाहेर कापलं जाईल. पाचव्यात पुढचा सगळा भाग एकाच गडद सावलीत. पहिलं थंबनेल जवळजवळ नेहमीच सगळ्यांना सुचतं तसं असतं, चौथ्या-पाचव्याशी हात सुटतो. मग पाचही ओळीने ठेवून सहा फुटांवरून पाहा, वही उलटी करून पुन्हा पाहा. उलटं धरल्यावरही जे लगेच वाचता येतं ते घ्या.

निवडताना टोनची वाटणीही पाहा. तिन्ही टोन सारखे वाटले गेले असतील तर चित्र ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. एकाचं राज्य हवं, त्याला निम्म्याहून बरीच जास्त जागा द्या. दुसऱ्याला त्याच्या निम्मी, आणि तिसरा अगदी थोडा. सकाळच्या धुक्याच्या चित्रात मधल्या राखाडीचं राज्य असेल, काळोख चिमूटभर. दुपारच्या उन्हात उजेडाचं. तुमच्या वाईच्या चित्रात तिघेही भांडताहेत.

टोन ओळखायला डोळे किलकिले करणं हा उपाय तुम्हाला माहीत असेलच. आणखी एक आहे. मोबाइल बंद करा, घाटाकडे पाठ करून बसा आणि काळ्या पडद्यात मागचं दृश्य पाहा. बारीक तपशील आणि रंग दबतात, मोठे आकार उरतात. अठराव्या शतकात युरोपातले चित्रकार आणि हौशी प्रवासी याच कामासाठी काळसर, किंचित फुगीर आरसा खिशात बाळगत. क्लोद लोरँ या निसर्गचित्रकारावरून त्याला क्लोद ग्लास म्हणत.

टोन ठरवताना एक साधा क्रम हाताशी ठेवा, अमेरिकन चित्रकार जॉन कार्लसन यांनी तो मांडला. आकाश सगळ्यात उजळ, कारण प्रकाश तिथूनच येतो. त्यानंतर सपाट जमीन, कारण ती थेट आकाशाला सामोरी असते. मग उतार, म्हणजे डोंगराच्या बाजू. आणि झाडांसारख्या उभ्या गोष्टी सगळ्यात गडद. तुमच्या चित्रात डोंगर आणि झाडं एकाच टोनची झालीत, म्हणून डोंगर मागे जात नाही. एक टोन उजळ करा, आपोआप मागे जाईल. आपल्याकडे या क्रमाला अपवाद पुष्कळ. उन्हातली रंगवलेली भिंत उभी असूनही आकाशापेक्षा उजळ दिसते. पावसाळ्यात ढग भरून आलेले असताना जमिनीवर ऊन पडलं तर आकाशच चित्रातला गडद आकार होतो. घाटाच्या ओल्या पायऱ्या सपाट असूनही कोरड्यांपेक्षा कितीतरी गडद. असा अपवाद दिसला की समजा, चित्राचा विषय सापडला.

सावल्या जोडणं हा याच्यापुढचा भाग, आणि माझ्या मते तुमच्या चित्रांना सर्वात जास्त फायदा इथून होईल. सध्या देवळाची सावली वेगळी, भिंतीची वेगळी, प्रत्येक बाईची आपापली छोटी सावली वेगळी. वीस-बावीस सुटे गडद तुकडे कागदभर विखुरलेत. हे जोडा. देवळाची सावलीतली बाजू, तिच्या पायथ्याची सावली, तिथून घाटावर उतरणारी सावली, त्यात बसलेल्या बायका आणि खालचं प्रतिबिंब, हे सगळं मिळून एकच आकार. आत थोडे रंग बदलू द्या, देवळाजवळ उबदार, पाण्याकडे निळसर. टोन मात्र एकच, आणि आतल्या कडा विरघळलेल्या.

जलरंगात हा आकार एका दमात जायला हवा. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना, त्यात किंचित अलिझरिन क्रिमझन, असं मिश्रण पॅलेटचा मोठा खण निम्मा भरेल इतकं आधीच करून ठेवा. अर्ध्यावर रंग संपला की दुसरं मिश्रण तयार होईपर्यंत पहिली कड वाळते, आणि जोडलेल्या सावलीच्या मधोमध एक कडक रेघ उमटते. बोर्डाला थोडा उतार द्या, बारा नंबरचा गोल ब्रश भरपूर भरून घ्या आणि वरून खाली या. मिश्रण हवं त्यापेक्षा थोडं गडद ठेवा, कारण वाळल्यावर ते फिकं पडतं. एप्रिल-मेमध्ये वाईला दहा वाजल्यापासून कागद इतका भराभर वाळतो की मोठा वॉश हाती लागत नाही. ३०० जीएसएमचा जाड कागद मागून ओला करून घेतलात तर थोडी उसंत मिळते.

सकाळी बसलात की पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आखून टाका, आणि नंतर ऊन कितीही सरको, त्या बदलू नका. नऊच्या सावल्या आणि अकराच्या सावल्या एका चित्रात आल्या की पाहणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चूक जाणवते.

ढोल्या गणपतीच्या देवळाकडे आणखी एका दृष्टीने पाहा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये ते बांधलं, आणि कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती केली. चित्रकाराला ही भिंत म्हणजे देणगी आहे. तिची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असेल अशी वेळ आणि जागा हेरा. उजेड आणि काळोख एका स्वच्छ उभ्या कडेवर भेटतील, आणि चित्रातला सगळ्यात तीव्र विरोध आयताच देवळावर येईल. सर्वात गडदच्या शेजारी सर्वात उजळ, ही जोडी चित्रात एकाच जागी हवी. ठळक कड आणि चटक रंगही तिथेच. ते लाल लुगडं उचलून देवळाच्या सावलीजवळ आणून बसवा. उरलेल्या बायकांना मळकट निळं, करडं, विटकं हिरवं नेसवा.

आता रिकाम्या पायऱ्या. तिथे काय घालावं, असं तुम्ही विचारलंत. काहीही घालू नका, आहे तेच काढून टाका. तुमच्या चित्रात पुढच्या अकरा पायऱ्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग रेघांनी काढल्यात, वहीच्या रेघांसारख्या. नजरेला आत जायला त्या ओलांडाव्या लागतात. त्यामुळे तो भाग एकाच वेळी रिकामाही वाटतो आणि जडही. अकरापैकी चार-पाचच दाखवा, त्याही तुटक. एक डावीकडे सुरू होऊन मध्येच उजेडात विरून जाते, दुसरी उजवीकडे सावलीच्या कडेला थोडी उमटते. डोळा बाकीच्या पायऱ्या स्वतःच भरून घेतो. पायऱ्यांमधली अंतरंही तपासा. तुम्ही ती सगळी सारखी ठेवलीत. डोळ्याच्या पातळीच्या खूप खाली असलेल्या पायऱ्यांचा सपाट भाग रुंद दिसतो, पातळीजवळ येतो तसा तो अरुंद होत जातो, आणि पातळीच्या वर गेलात की फक्त उभे भाग दिसतात, सपाट दिसतच नाहीत.

दुसरा उपाय म्हणजे जागा बदलणं. पायऱ्या अगदी समोरून घेतल्यामुळे त्या आडव्या झाल्यात. दहा-पंधरा पावलं बाजूला सरकून बसलात की त्याच रेघा तिरक्या होऊन नजरेला देवळाकडे नेतील. त्या कागदाच्या नेमक्या खालच्या कोपऱ्यातून सुरू होऊ देऊ नका, कोपऱ्यापासून दोन-तीन इंच सरकवा, कोपऱ्यातली रेघ बाणासारखी बाहेरही ओढते. आणि पुढे सावली टाकता येते. चौकटीबाहेरच्या झाडाची सावली पायऱ्यांवरून तिरकी पडलेली दाखवा. एकाच वॉशमध्ये पुढचा भाग गडद होतो आणि पायऱ्यांचा चढ-उतारही कळतो, कारण सावलीची कड प्रत्येक पायरीवर मोडते. झाडं मागे भरपूर आहेत, तेव्हा सावलीला खोटं म्हणायचं कारण नाही.

माणसांबद्दल दोन गोष्टी. चौघींना सारख्या अंतरावर बसवू नका. तिघी एकत्र, एकमेकींना झाकणाऱ्या, म्हणजे तिघींचा मिळून एकच आकार, आणि चौथी लांब. उंचीचंही एक आहे. तुम्ही बुटक्या स्टुलावर बसता, तेव्हा डोळे पायरीपासून साधारण साडेतीन फुटांवर. तुमच्याच पातळीवर उभ्या पाच फुटी बाईला क्षितिजरेषा, म्हणजे तुमच्या डोळ्यांची पातळी, छातीशी छेदेल, मग ती जवळ असो की लांब. पायरी नऊ इंचांची धरली, तर दोन पायऱ्या खाली उभी असलेलीचं डोकं बरोबर त्या रेषेवर येईल, आणखी खालच्यांची डोकी रेषेच्या खाली. तुमच्या चित्रात खालच्या पायरीवरच्या दोघींची डोकी रेषेच्या वर गेलीत, म्हणून त्या राक्षसासारख्या दिसतात आणि घाट बुटका होतो.

शिखर आणि डोंगराची टेकलेली कड सोडवायला सोपी आहे. डोंगर आपल्याला हवा तसा हलवता येतो. शिखर डोंगराच्या कडेवरून चांगलं दीड-दोन इंच वर काढा, किंवा पूर्ण डोंगराच्या पोटात घ्या. दोन गोष्टी एकतर स्पष्ट एकमेकींवर याव्यात किंवा त्यांच्यात मोकळी जागा असावी. नुसतं टेकणं अंतर मारून टाकतं, मागचं आणि पुढचं एकाच पातळीवर चिकटतं. बुंधा आणि देवळाचा कोपरा, होडीचं टोक आणि कागदाची कड, फांदी आणि कळस, सगळीकडे हेच. ड्रॉइंग झाल्यावर रंगाला हात लावण्याआधी फक्त अशी टेकलेली ठिकाणं शोधण्यासाठी एक मिनिट द्या.

प्रतिबिंबात तुमची एक चूक फार जणांची असते. देऊळ जेवढं, तेवढंच खाली पाण्यात. पण देऊळ काठापासून मागे आहे, मध्ये घाट आहे. प्रतिबिंबात आधी घाटाच्या पायऱ्या येतील आणि देवळाचा खालचा भाग त्या झाकतील. म्हणजे पाण्यात शिखर आणि वरची भिंत एवढंच दिसेल. शिवाय उजळ गोष्टींचं प्रतिबिंब किंचित गडद आणि गडद गोष्टींचं किंचित उजळ असतं. हे पाळलंत की वर-खाली दोन जुळी देवळं दिसायची थांबतील.

काय गाळायचं? बोटाने झाका. समोरच्या दृश्यात एखादी गोष्ट बोटाआड केली आणि मोठ्या आकारांत काही फरक पडला नाही, तर ती चित्रातही नको. विजेच्या तारा, प्लास्टिकची पिंपं, मागच्या इमारतींवरच्या टाक्या याच कसोटीवर बहुतेक वेळा जातील. पण तार जुनी दिसत नाही म्हणून गाळू नका. एखादा खांब दोन आडव्या पट्ट्यांना उभा जोडत असेल तर तो सोन्याच्या मोलाचा. उलट अत्यंत देखणं झाड नजर खेचून घेत असेल तर ते जाऊ द्या. 'जे दिसतं ते प्रामाणिकपणे काढते' असं तुम्ही लिहिलंत. प्रामाणिकपणा त्या सकाळच्या उजेडाशी ठेवा, हजेरीपटाशी नको.

फोटोवरून पुरं करण्याबद्दल. मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्याची लेन्स रुंद असते. पुढच्या पायऱ्या ती मोठ्या करते आणि मागचा डोंगर लहान. डोळ्याला भव्य वाटलेला डोंगर फोटोत टेकाड होऊन बसतो, आणि तुमच्या दोन्ही चित्रांत तो तसाच उतरलाय. दुप्पट झूम करून फोटो घ्या, किंवा चित्रात डोंगर फोटोपेक्षा चौथाईने मोठा घ्या. दुसरं म्हणजे फोटोत सावल्या काळ्या ठिक्कर पडतात आणि उजेड पांढराफटक होतो, सावलीतले रंग मरतात. तेव्हा रचना जागेवरच्या थंबनेलवरून, टोनही त्यावरूनच, आणि फोटो फक्त 'कमानी तीन होत्या की चार' एवढं पाहायला. जागेवर वेळ कमी असेल तर मोठं चित्र अर्धवट ठेवण्यापेक्षा साडेसात × अकरा इंचाच्या तुकड्यावर एकाच रंगात, सेपिया किंवा पेन्स ग्रे या निळसर करड्या रंगामध्ये, वीस मिनिटांत टोनचा अभ्यास पुरा करून घरी आणा. घरी मोठं चित्र करताना तो फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

डोळा तयार करायला दुसऱ्यांच्या चित्रांची थंबनेल्स करणं याला पर्याय नाही. तुमच्या जिल्ह्यातच औंधचं भवानी संग्रहालय आहे, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं. वही-पेन्सिल घेऊन जा आणि प्रत्येक चित्राचे फक्त तीन टोन उतरवा. व्यक्तिचित्र असो, पौराणिक असो, आकारांची मांडणी तीच. तिथल्या लघुचित्रांपाशी थोडं जास्त थांबा. बऱ्याच लघुचित्रांत क्षितिज खूप वर असतं, आकाश म्हणजे नुसती पट्टी, आणि तरी जागा अपुरी वाटत नाही. चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरच्या कोटितीर्थ तळ्याच्या परिसरात पुन्हा पुन्हा जाऊन चित्रं केली. त्यांची छापील चित्रं मिळाली तर त्यांवरही हेच करा, आणि एकच तळं वेळ बदलली की कसं वेगळ्या आकारांत वाटलं जातं ते पाहा. तुम्हीही काही महिने नवा स्पॉट शोधू नका. वाईची हीच जागा पाच वेगळ्या थंबनेल्सवरून पाच वेळा करा.

आता तुमचं मेणवलीचं चित्र. ते वाया गेलंय असं तुम्हाला वाटत असेल, पण ते वाचवता येईल. डाव्या भागात घाट, देवळाची सावली आणि तिला जोडलेलं झाड हा सगळा गडद आकार एकसंध जमलाय. उजवीकडच्या अकरा इंचांत मात्र पाणी, होडी आणि पलीकडची झुडपं निव्वळ जागा भरायला आलीत. दोन 'एल' चित्रावर ठेवून डावीकडचे अकरा इंच रुंद आणि पंधरा इंच उंच एवढंच उघडं ठेवा. सावलीचा उभा आकार चौकटीत वरपासून खालपर्यंत उतरतो आणि पाण्याची एक अरुंद उजळ पट्टी उजवीकडे राहते. तेवढी पुरते. कात्री लगेच लावू नका, 'एल' टेपने चिकटवून दोन दिवस भिंतीवर राहू द्या. पटलं तर ही नेमकी क्वार्टर शीट होते, तयार फ्रेम सहज मिळेल. माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या कार्डाच्या चौकटीची, खिडकी पावणेअकरा × पावणेपंधरा इंचाची कापून घ्या, म्हणजे चारी बाजूंनी इंचाचा आठवा भाग माउंटखाली दबेल आणि कागद सरकणार नाही. सही सध्या उजव्या कोपऱ्यात आहे, ती कापली जाईल. नवी सही खाली डावीकडे, सावलीच्या आत, तिच्याहून थोड्याच गडद टोनमध्ये करा.